जीव घाबरा होऊलाय

(दृश्य: मे महिन्याची अखेर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. बाहेर आभाळ भरून आलेलं. आत सतरंजीवर सिस्टर, आशाताई, लॅब टेक्निशियन.)

निवेदन:
पाऊस अजून लागलेला नाही. वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या, तेवढंच. जांबोटी-कणकुंबीकडं शाकारणी उरकलीय, जळण आत गेलंय. आरोग्य केंद्रातही बेगमी चाललीय. फ्लूची. आज कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आहे.

आपल्याकडं फ्लूची मोठी फेरी पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. दुसरी, लहान, जानेवारी ते मार्च. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून ती पावसाआधीच घ्यायची. विषाणू दर वर्षी थोडा बदलतो. गेल्या वर्षीच्या लशीवर यंदा विसंबून चालत नाही.

लस टाळणाऱ्यांत आरोग्य कर्मचारीही असतात. कॅमेरा बंद झाला की ते हसून सांगतात, "घेतली की ताप येतो हो." टोचून घ्यायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस अंग तापतं. उलट फ्लू झालेली सिस्टर ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू शकते. आणि त्या दिवशी तिची ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात असू शकते.

(दृश्य: वाटीत कालवलेली हळद. हातमोज्यांवर हळदीचं पाणी.)

हा खेळ बघण्यासारखा आहे. हातमोजे, गाऊन, चष्मा, मास्क, सगळं अंगावर चढवायचं. मग मोज्यांना हळदीचं पाणी फासायचं (हळद म्हणजे विषाणू समजायची) आणि एकेक करून सगळं उतरवायचं. आधी मोजे, मग चष्मा, मग गाऊन, सगळ्यात शेवटी मास्क, आणि मधे मधे हात स्वच्छ करणं. सांगायला सोपं. पाच मिनिटांनी एकीच्या कानामागं पिवळा डाग, दुसरीच्या हनुवटीवर. तिसरीच्या मोबाईलवर. सगळ्या हसतात. मोबाईलवाली मात्र हसत नाही. घरी तिचं वर्षाचं बाळ त्याच मोबाईलशी खेळतं.

एन-९५ मास्क सगळीकडं लागत नाही. साध्या तपासणीला तीनपदरी सर्जिकल मास्क पुरतो. घशातला स्वॅब घेताना, वाफेतून औषध देणारा नेब्युलायझर लावताना, श्वासनलिकेत नळी घालताना मात्र एन-९५ हवाच, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. दाढी असेल तर बसत नाही. इथं दोन पुरुष कर्मचारी खाली मान घालतात.

(दृश्य: बाकावर आजीची भूमिका करणारी आशाताई. समोर बागलकोटकडून बदलून आलेली तरुण सिस्टर.)

आशाताई, आजीच्या आवाजात: "बाई, ताप येऊलाय, आन् जीव घाबरा होऊलाय."

सिस्टर तिचा हात हातात घेते, मोडक्यातोडक्या मराठीत धीर देते. "घाबरू नको आजी, काय होत नाही." मग ती ताप मोजते, पॅरासिटामॉल लिहिते आणि आजीला घरी पाठवते.

प्रशिक्षक डॉक्टर थांबवतात. काय चुकलं?

सिस्टर हुशार आहे, मायाळूही. पण कन्नडमध्ये ‘गाबरी’ म्हणजे भीती, धांदल. तिनं तेच ऐकलं. आजीला भीती वाटत नव्हती, तिला श्वास पुरत नव्हता. आपल्याकडच्या बाया ‘मला श्वसनाचा त्रास होतोय’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, जीव घाबरा होतोय, उरात दाटतंय, चार पावलं चाललं की धाप लागते.

फ्लूची तयारी म्हणजे औषधांचा साठा, असंच मीही समजत होतो. हा एक शब्द ऐकून माझं मत बदललं.

कारण पुढचं सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. सौम्य ताप, खोकला, घसा असेल तर घरी विश्रांती, ना तपासणी ना विषाणूचं औषध. पण तापाचा माणूस गरोदर असेल, वयस्क असेल, मधुमेहाचा, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना रोगी असेल, तर तपासणीच्या अहवालाची वाट न बघता ऑसेल्टामिवीर हे विषाणूचं औषध सुरू करायचं. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मुलांना वजनाप्रमाणं. पहिल्या ४८ तासांत दिलं तर गुण चांगला येतो. आणि धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, निळी पडलेली नखं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात.

निपाणीत जन्मभर तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळलेली बाई ‘खोकला जुनाच हाय’ म्हणते, तेव्हा तिला सौम्य गटात टाकायची घाई करू नये.

म्हणून नियम ठरतो. शब्द कळो न कळो, श्वास मोजायचा. घड्याळ लावून, पुरता एक मिनिट. मोठ्या माणसाला तिसाच्या वर गेला की धोका. एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीसपासूनच. बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावायचा, पण आधी बोट चोळून ऊब आणायची. पावसात भिजून आलेल्या गार बोटावर तो खोटं बोलतो. नेलपॉलिशवरही.

(दृश्य: लोंढा जंक्शन. मालगाडी जाते.)

१९१८ च्या जूनमध्ये फ्लू मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेनं देशभर फिरला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी लाट आली, ती भयंकर. लोक तिला मानमोडी म्हणत. देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असावीत, त्यात वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं फार. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायची सोडून घटली.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्टला. गणपती होते २३ ऑगस्टला. आपली किती पोरं पुण्यात कामाला, ते गणपतीच्या आदल्या रात्रीच्या गाड्या बघून कळतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस जातात. रात्री पुण्यात धडधाकट चढलेला माणूस पहाटे बेळगावात उतरतो, आणि आरतीला उभा राहीपर्यंत त्याला कणकण आलेली असते.

महाराष्ट्रातल्या चंदगडचा रोगी कर्नाटकातल्या बेळगावला येतो, कर्नाटकातल्या निपाणीचा महाराष्ट्रातल्या कोल्हापूरला जातो. बेळगावात चंदगडच्या माणसाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला, तर त्याच्या घरची माणसं तपासायची महाराष्ट्रातल्या आशाताईंनी. म्हणून नोंदवहीत नुसतं गावाचं नाव नको. तालुका, राज्य आणि चालू असलेला फोन नंबर हवा. किरकोळ वाटतं, पण साथीत इथंच दिवस वाया जातात.

(दृश्य: पुन्हा आरोग्य केंद्र. पत्र्यावर पहिले थेंब. बर्फाच्या डब्यात स्वॅबच्या नळ्या कशा लावायच्या, ते टेक्निशियन दाखवतोय.)

प्रशिक्षण संपलंय. चहा आलाय. बागलकोटची सिस्टर मात्र अजून बसलेली. वहीत कन्नड अक्षरांत ती मराठी शब्द लिहून घेतेय: जीव घाबरा, धाप, दम. ‘दम’पाशी ती हसते. कन्नडमध्येही ‘दम्मु’च.

मग शेजारच्या आशाताईंना विचारते, "ताई, ‘अंग मोडून येतंय’ म्हणजे? पडली का ती?"

आशाताई चहाचा कप खाली ठेवतात.