मागच्या रांगेतल्या नव्या लेखकांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात पुस्तक प्रकाशन असलं की मागच्या रांगेत काही नवे चेहरे हमखास दिसतात. पिशवीत वही असते, पण कार्यक्रम संपला की ही मंडळी चहाही न घेता निघून जातात. एवढ्या जाणत्या लोकांशी आपण काय बोलायचं, हा त्यांचा संकोच. माझं आग्रहाचं सांगणं आहे, थांबा. भाषणं संपल्यावर ज्या गप्पा रंगतात, त्यातच लिहिण्याचं खरं काही कानावर पडतं.

ज्येष्ठांच्या हातात अख्खी कादंबरी मात्र देऊ नका. दोन पानं द्या. 'कसं वाटलं?' असं विचारलंत तर 'छान आहे' एवढंच उत्तर मिळतं. 'शेवट आधीच कळतो का?' असं नेमकं विचारा, म्हणजे समोरचा माणूस खरोखर वाचतो.

अशाच एका बैठकीत कागलकडच्या एका मुलीनं कथा वाचली. कथेतली आजी म्हणते, 'मी आता शेतात जात आहे.' एका ज्येष्ठ कथाकारांनी तिला थांबवून विचारलं, 'बाळ, तुझी आजी असं बोलती?' मुलगी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, 'न्हाई. ती म्हणती, मी रानाकडं चाललो, कडी घालून घे.' आपल्याकडच्या बायका असंच बोलतात, 'आलो', 'गेलो', 'चाललो'. त्या एका वाक्यासरशी आजी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. त्या मुलीला वाटत होतं, जाणत्यांपुढं जायचं तर शुद्धच लिहायला हवं. हा गैरसमज फार जणांचं लिखाण मारतो, म्हणून मी यावर जरा थांबलो. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील आणि कागलचे आनंद यादव यांनी याच मातीतली बोली कथा-कादंबरीत आणली. अलीकडे 2021 मध्ये किरण गुरव आणि 2023 मध्ये कृष्णात खोत यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची पुस्तकं आधी वाचा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आपल्या गावात आहे, तिथं जा. जाणत्यांशी पहिली ओळख वाचूनच करून घ्यावी, मग भेटीत बोलायला विषय आपोआप निघतो.

काव्यवाचनात आपली कविता झाली की उठून जाऊ नका. शेवटच्या कवीपर्यंत बसा. आणि दोन ज्येष्ठांनी अगदी उलटसुलट सांगितलं, तर गोंधळू नका. आठवडाभर कागद बाजूला ठेवा, मग स्वतः मोठ्यानं वाचून पाहा. कुणी 'सध्या वेळ नाही' म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्यांना विचारा.

आता ज्येष्ठ मंडळींना एक विनंती. पुढच्या बैठकीत मागच्या रांगेतल्या त्या मुलाला नाव विचारा, पुढं बोलवा आणि त्याची दोन पानं त्याच्यासमोर बसून वाचा.

नमस्कार.