पंच्याण्णव सेंटिमीटरवरून पुणे

(कॅमेरा मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. आवाज फक्त रहदारीचा.)

सकाळची वेळ. पुण्यातली एक गल्ली. आजीचं बोट धरून तीन वर्षांचा नातू बालवाडीला निघालाय. आजीला समोरचा रस्ता दिसतो. त्याला दिसतात गाड्यांची चाकं, बंपर आणि धूर ओकणारे सायलेन्सर.

(फुटपाथची कड. एक छोटी चप्पल वर चढू पाहते.)

हा फुटपाथ फूटभर उंच. नातू जेमतेम तीन फूट. आपल्या मापात ही पायरी गुडघ्याच्याही वर गेली असती! म्हणून आजी त्याला उचलते. एका खांद्यावर दप्तर, गुडघे दुखरे.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की फुटपाथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे आजी-नातू हात धरून चालले, तरी समोरून येणारी बाबागाडी निघून जाईल.

तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर. त्या उंचीवरून शहर कसं दिसतं, हा प्रश्न घेऊन लहान मुलांसाठी काम करणाऱ्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशन या डच संस्थेने 'अर्बन९५' उपक्रम सुरू केला. त्यात पुणेही सहभागी झालं.

(जंगली महाराज रस्ता. संध्याकाळ.)

इथे फुटपाथ ऐसपैस आहे. वाटेतच बाकं आहेत, मुलांना खेळायला जागा आहे. मला ही 'वाटेत' असण्याची गोष्ट फार मोलाची वाटते. बागेत मुद्दाम जावं लागतं, तिच्या वेळा सांभाळाव्या लागतात. भाजी आणायला निघालेल्या आजीला तेवढी सवड कुठली?

ॲमस्टरडॅममध्ये १९४७पासून वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांनी हेच केलं. दोन घरांमधल्या रिकाम्या जागा, चौकांचे कोपरे, जे सापडेल ते घेतलं. वाळूचा हौद, लोखंडी कमानी आणि मोठ्यांसाठी बाकं. अशा सातशेहून जास्त जागा उभ्या राहिल्या, आणि त्या मुलांच्या घरापाशीच होत्या.

(बाकावर आजी. नातू एका कठड्यावरून पुन्हा पुन्हा उडी मारतोय.)

आजी दहा मिनिटं टेकते. नातू उड्या मोजतो. एक, दोन, पाच.

मग दोघं उठतात, घराच्या गल्लीत वळतात. फुटपाथ संपतो. पुढे उभ्या गाड्यांची रांग.

"आजी, कडेवर घे."

(आजी वाकते.)