ए-२ : चामड्यावर उरलेली नोंद

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांच्या या चामडी जॅकेटची कॉलर उलटी करा. मानेमागे शिवलेली ही छोटी कापडी चिठ्ठी जाणता संग्राहक सगळ्यात आधी वाचतो. टाइप ए-२. ड्रॉइंग क्रमांक ३०-१४१५. मग कंत्राटाचा क्रमांक, शिवणाऱ्या कंपनीचं नाव, आणि तळाला लिहिलंय की ही वस्तू अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाच्या मालकीची आहे.

हे जॅकेट १९३१ मध्ये वापरात आलं. आधीच्या ए-१ ला पुढं बटणं होती, ए-२ ला चेन आली. कॉलरची टोकं वाऱ्यानं तोंडावर आपटू नयेत म्हणून खाली दडवलेली प्रेस बटणं. कमरेला आणि मनगटांना लोकरीची विणलेली पट्टी. चामडं बहुतेक घोड्याचं. ड्रॉइंग सगळ्यांना एकच दिलेलं, तरी बीकनची एअरो लेदर, मिडलटाउनची रफ वेअर, मिलवॉकीची मोनार्क या कंपन्यांच्या कॉलरचा आणि खिशांच्या झाकणांचा घाट वेगवेगळा. चिठ्ठी झिजून गेली असली, तरी सरावलेली नजर त्यावरून कारखाना ओळखते.

१९४३ मध्ये हवाई दलानं चामड्याची नवी खरेदी थांबवली आणि बी-१० हे कापडी जॅकेट आणलं. पण वैमानिक आपलं ए-२ सोडायला तयार नव्हते. तोवर त्या जॅकेटांवर बरंच काही लिहून झालं होतं. इंग्लंडमधल्या अमेरिकी आठव्या एअर फोर्सचे बॉम्बर चालक पाठीवर विमानाचं नाव रंगवून घेत, आणि मोहीम फत्ते करून परतलं की एक छोटा बॉम्ब. १९४३ मध्ये पंचवीस मोहिमा झाल्या की घरी परतता येई. अनेकांचे पंचवीस कधीच भरले नाहीत. म्हणून अर्ध्यावर थांबलेली अशी बॉम्बची रांग दिसली, की मला पुढं काही बोलवत नाही.

आता हे दुसरं जॅकेट बघा. याच्या खांद्यावर ढालीच्या आकाराचं चिन्ह आहे: वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. चीन-बर्मा-भारत आघाडीची ही खूण. आसामातल्या छबुआ, दिंजान, जोरहाट इथून उडायचं, हिमालयाच्या पूर्व टोकाचे डोंगर ओलांडायचे आणि कुनमिंगला उतरायचं. या वाटेला वैमानिक 'हंप' म्हणत. १९४२ ते १९४५ या काळात त्या वाटेनं सुमारे साडेसहा लाख टन माल चीनला पोचला आणि जवळपास ६०० विमानं गमावली गेली.

पण मला थांबून बघायचंय ते हे चिन्ह. कारखान्यातून आलेलं नाही हे. आपल्याकडच्या कारागिरांनी रंगीत चामड्याचे तुकडे कापून, एकमेकांवर शिवून ते केलंय. काहींवर तर जरीकाम आहे. ज्या हातांनी शेरवानीवर वेल काढली असेल, त्यांनीच इथं परक्या पलटणीचा गरुड भरला. आज जगभरचे संग्राहक या भारतीय कामाला वेगळा मान देतात. वैमानिकाचं नाव छातीवरच्या पट्टीवर ठसठशीत आहे. शिवणाऱ्याचं कुठंच नाही. ही उणीव मला फार लागते.

किंमत वाढली तशी बनावटही वाढली. जुन्या कोऱ्या जॅकेटवर आज चित्र रंगवून विकतात. म्हणून रंगाच्या भेगा बघायच्या. चामडं जिथं दुमडतं तिथंच रंग तडकलेला हवा. मग अतिनील दिव्याखाली दोरा धरायचा. निळसर चमकला तर बहुधा तो युद्धानंतरचा.

या पडताळणीला एका आगीमुळं वेगळंच वजन आलंय. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या सरकारी अभिलेखागारात आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के फायली जळाल्या. ए-२ घालणारे बहुतेक जण यातलेच. त्यामुळं कित्येकांच्या सेवेचा माग काढताना नावाची पट्टी, स्क्वाड्रनचं चिन्ह आणि रंगवलेले बॉम्ब हाच पहिला धागा असतो. तिथून बेपत्ता विमानांचे अहवाल, मग तुकडीचे रोजचे अहवाल, आणि नशीब असेल तर कुटुंबाकडचा एखादा फोटो.

म्हणून हात लावताना जपा. विणलेल्या पट्टीला कसर लागली असेल तर नवी बसवण्याआधी जुनीचे फोटो काढा आणि ती जपून ठेवा. चामड्याला तेल चोपडू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, उन्हापासून लांब, सुती कापडात टांगा. आणि जॅकेट कुणाकडून आलं, त्याआधी कुणाकडं होतं, हे कागदावर लिहून खिशात ठेवा.