हा हात माझाच, हे कोण ठरवतं?
(सोलापूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

थेट प्रयोगाकडेच वळू या, कारण आजचा प्रश्न त्यातच आहे. डावा हात टेबलावर ठेवा आणि मध्ये उभा पुठ्ठा लावून तो नजरेआड करा. पुठ्ठ्याच्या अलीकडे, खऱ्या हातापासून १५-२० सेंटिमीटरवर, रबराचा डावा हात ठेवा. बोटं तुमच्या बोटांच्याच दिशेला हवीत. खांद्यापासून रबरी मनगटापर्यंत कापड टाका. आता दुसऱ्या कुणीतरी दोन मऊ ब्रश घेऊन दोन्ही हातांच्या त्याच बोटावर, त्याच क्षणी, त्याच दिशेने फिरवायचे. तुमची नजर रबरी हातावरच. काही मिनिटांत बऱ्याच जणांना स्पर्श तिथेच जाणवू लागतो. बोट्विनिक आणि कोहेन या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला.

तो बिघडतो कशाने, हे बघणं जास्त महत्त्वाचं. एक ब्रश अर्धा सेकंद मागे पडला की भास विरतो. रबरी हात उलटा फिरवला किंवा फार लांब सरकवला, तरी तेच. पण ‘हा रबर आहे’ हे पक्कं ठाऊक असल्याने मात्र काहीही बिघडत नाही. दोरीवरचा साप दिवा लावला की जातो. हा हात लख्ख उजेडातही माझाच वाटत राहतो. भारतीय तर्कपरंपरेतली न्यायसूत्रं प्रत्यक्षाला, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाला, ‘अव्यभिचारी’ (वस्तूला न चुकणारं) म्हणतात, म्हणून ती परंपरा मानणारे नैयायिक याला भ्रमच म्हणतील. पण ज्ञानाने न जाणारा हा भ्रम आहे. इथे मला फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांची वाट जास्त पटते. १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात शरीर ही जगातली आणखी एक वस्तू नाही. जग आपल्याला जिथून दिसतं, ती जागा म्हणजे शरीर. आंधळ्या माणसाला काठी हातात जाणवत नाही, काठीच्या टोकाशी जमीन जाणवते. आपल्या सोलापुरातला हातमागावरचा विणकर पायाखालच्या पावडीकडे बघत नाही. उभा धागा सैल झाला की ते त्याच्या हाताला कळतं.

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारं यंत्र, डोळ्यांना दिसणं आणि शरीराला जाणवणं यांच्या याच जुळणीवर चालतो. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवा. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं असताना, एक चित्र ११ मिलिसेकंद टिकतं, म्हणजे हातात फार सवड नाही. उशीर झाला की जग डोक्यामागून घसरत येतं. जॉयस्टिकने चालवलं तर डोळे म्हणतात ‘निघालो’, आतला कान म्हणतो ‘बसलोय’, आणि मळमळ सुरू होते. म्हणून पायी चालता येईल तेवढी जागा द्यावी, नाहीतर आभासी जगातच एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घेऊ द्यावी. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर आधी मोजून भिंगं त्याप्रमाणे बसवावीत; प्रौढांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं. भिंगांचा फोकस बहुधा एक-दोन मीटरवर कायम असतो. त्यामुळे हाताजवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात, फोकस मात्र लांबच राहतो, आणि बारीक काम लवकर थकवतं.

मिश्र वास्तवात, म्हणजे खऱ्या खोलीच्या कॅमेऱ्यातल्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवताना, कॅमेरे डोळ्यांच्या काही सेंटिमीटर पुढे असतात. दृश्य गणिताने मागे आणावं लागतं. त्यात चूक राहिली की पेल्याकडे नेलेला हात चुकतो आणि बोटांच्या कडेला चित्र लहरतं.

सगळ्यात मोठी उणीव प्रतिकाराची आहे. आभासी टेबलाला हात टेकत नाही. चित्रातला हात पृष्ठभागाशी थांबवतात, खरा आरपार जातो, आणि दोघांतलं अंतर वाढलं की ‘माझा हात’ हा भाव सुटतो. हे मला तंत्राचं किरकोळ अपुरेपण वाटत नाही. जग आपल्याला अडवतं, आणि त्या अडवण्यातूनच शरीराला आपली हद्द कळते.

म्हणून हेडसेटवर विणकाम शिकवायचं असेल तर क्रम, हालचाल, धोक्याच्या जागा खुशाल आभासी ठेवा. धागा मात्र खरा घ्या: लाकडी चौकटीत ताणलेला, पूर्ण ताणाचा. चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर खुणा लावा, आभासी माग त्या खुणांवर बसवा, आणि शिकणाऱ्याने डोळे मिटून धाग्यावर बोट ठेवल्यावर, डोळे उघडताच चित्रातलं बोटही त्याच धाग्यावर दिसतंय ना, हे प्रत्येक वर्गाआधी तपासा.