पंच नसलेले खेळ

मित्रहो, मुलांचा मोकळा खेळ हरवला असे आपण म्हणतो, तेव्हा मैदाने गेली, मोबाइल आले आणि मुलांची वजने वाढली, एवढेच बहुधा आपल्या मनात असते. या तक्रारी खोट्या नाहीत. पण प्रश्न केवळ व्यायामाचा असता, तर पोहणे, कराटे आणि फुटबॉलच्या वर्गांनी तो केव्हाच सुटला असता. शहरातले मूल आजही घाम गाळते. मात्र स्वतःचा खेळ स्वतः जमवणे, चालवणे आणि मोडू न देणे हे काम त्याच्याकडून काढून घेतले गेले आहे, आणि मला आज त्याविषयी बोलायचे आहे.

डबा ऐसपैस आठवून पाहा. राज्य कोणावर हे चकून ठरायचे, डबा लांब भिरकावला जायचा, आणि राज्य असलेला तो आणून जागेवर ठेवेपर्यंत बाकीचे जिन्याखाली, पिंपाआड, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात गडप व्हायचे. मग सदरे अदलाबदल करून फसवणे, चुकीचे नाव घेतले म्हणून पुन्हा राज्य, आणि ‘तू मला पाहिलेच नाहीस’ यावरून पंधरा मिनिटांचे भांडण. ते भांडण मिटवायला कोणी पंच नसे. ते मिटले नाही तर खेळ बंद पडे, आणि खेळ बंद पडणे कोणालाच परवडणारे नसे, म्हणून दांडगटालाही थोडे नमते घ्यावे लागे. ज्याची बॅट असेल त्याला तर जरा जास्तच सांभाळून घ्यावे लागे. धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू करून घेतले जाई: ती बाद होत नसत, त्यांच्यावर राज्य येत नसे, तरी ती खेळात असत. ही सवलत कोणत्याही नियमपुस्तकातून आलेली नव्हती. चार वर्षांच्या मुलासह खेळायचे तर काय करावे लागेल, याचा विचार दहा वर्षांच्या मुलांनीच केलेला होता.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांना त्यांचे नियम विचारले होते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याने दाखवले, की लहान मुलांना नियम जणू वाडवडिलांनी घालून दिलेले, अढळ वाटतात, तर साधारण अकराव्या-बाराव्या वर्षाकडे येताना सर्वांची संमती असेल तर नियम बदलता येतो हे त्यांना उमगते. ही समज बरोबरीच्या मुलांशी वाटाघाटी करताना येते, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रशिक्षकाची शिट्टी वाजली की थांबणाऱ्या मुलाला अशा वाटाघाटींची संधी फारशी मिळत नाही.

याचा अर्थ शिस्तबद्ध खेळ वाईट, असा नव्हे. खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली आखली गेली, आणि २०२५ मध्ये त्या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली, याचा मला अभिमानच आहे. पण खेळ शिकवला जाणे आणि खेळ मांडला जाणे या दोन गरजा आहेत. एकीने दुसरी भागत नाही.

जुन्या दिवसांचे गोडवे गातानाही जपून राहावे. अनेक मुलींचा खेळ कडेवरच्या भावंडासह चाले, तोही हाक येईपर्यंत. आणि कोणाला खेळात घ्यायचे हे गावोगावी जातीवरूनही ठरत असे. तो काळ जसाच्या तसा परत यावा असे म्हणणारा त्या अंगणात नेमका कुठे उभा होता, हे विचारायला हवे.

आजच्या पालकांची भीतीही खुळी नाही. चाळीच्या गॅलरीतून अनेक डोळे मुलांवर असत. आज इमारतीच्या तळमजल्यावर गाड्या उभ्या असतात आणि फाटकाबाहेर रहदारी. त्यातच शाळा, शिकवणी आणि छंदवर्ग यांनी प्रत्येक मुलाची संध्याकाळ वेगवेगळी कापली आहे, त्यामुळे एका वेळी सहा मुले रिकामी सापडणे हेच दुर्मीळ झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क मान्य करते, आणि १९९२ साली भारताने ती स्वीकारली. तरी ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी आपल्या सोसायट्यांत बिनदिक्कत लटकते.

डेन्मार्कमध्ये सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आले होते, की मुले आखीव क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगारात अधिक रमतात. त्यातूनच १९४३ मध्ये कोपनहेगनजवळच्या एम्ड्रप येथे फळ्या, विटा आणि टाकाऊ वस्तूंचे मैदान उभे राहिले. वाळूच्या ढिगाऱ्यात शिंपले शोधणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी सोसायटीने गाड्या एका बाजूला घ्याव्यात, त्या वेळी कोणाचाही वर्ग ठेवू नये, आणि एखाद्या आजोबांनी वर्तमानपत्र घेऊन लांब बसावे. रक्त आले तर उठावे, तक्रार आली तर उठू नये. सुरुवातीला मुले ‘कंटाळा आला’ म्हणत त्यांच्याकडे येतील. तेव्हा आजोबांनी कोणताही खेळ सुचवू नये, आपल्या लहानपणचा तर मुळीच नको.