माणसे जास्त, काम कमी: हे वरिष्ठांना कसे सांगावे?

मनुष्यबळ कमी पडते, ही तक्रार कोणत्याही कार्यालयात उघडपणे करता येते आणि ती ऐकून कोणाला काही वावगे वाटत नाही. आपल्या टीममध्ये कामाच्या मानाने माणसे जास्त आहेत, असे मात्र सहसा कोणी बोलत नाही, कारण ते हात दाखवून अवलक्षण करून घेण्यासारखे वाटते. जास्तीच्या माणसांत आपलीच गणना झाली तर काय, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही; तरीही हे बोलणे शक्य आहे आणि ते कसे करावे, एवढाच आजचा विषय आहे.

पहिली अडचण अशी की, अशा टीममधले लोक रिकामे बसलेले दिसत नाहीत. १९५५ साली सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने 'द इकॉनॉमिस्ट'मधील एका लेखात मांडले की, काम हाती असलेल्या वेळाएवढे पसरत जाते. लेखाचा सूर थट्टेचा होता, पण त्याने ब्रिटिश नौदलाची जी आकडेवारी दिली ती विचार करायला लावणारी होती: १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या आणि नौदल मुख्यालयातील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. त्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला विचारले असते, तर मान वर करायला फुरसत नाही, असेच उत्तर मिळाले असते.

हे कसे घडते, ते एका साध्या मासिक अहवालावरून पाहू. एक जण आकडे गोळा करतो, दुसरा त्यांचा तक्ता करतो, तिसरा तो तपासतो आणि चौथा 'कृपया पाहावे' एवढे लिहून तो मॅनेजरकडे पाठवतो. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस लागतात, आणि इतके होऊनही एखादा चुकीचा आकडा तसाच राहतो, कारण पुढचा पाहील असे प्रत्येकाने गृहीत धरलेले असते. पाच माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या १० होतात, दहांत ४५ आणि पंधरांत १०५. म्हणजे माणसे तिप्पट झाली की समन्वयाचा व्याप दहापटीहून अधिक वाढतो. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान याने दोर ओढण्याचे जे प्रयोग केले आणि १९१३ साली प्रसिद्ध केले, त्यांतही माणसे वाढली तसा माणशी जोर कमी होत गेल्याचे दिसले.

मात्र थोडी मोकळीक म्हणजे जास्तीची माणसे नव्हेत, आणि इथे अनेक जण घाई करतात. जिथे कामे अचानक येतात तिथे प्रत्येक जण शंभर टक्के गुंतलेला असेल, तर नव्या कामाची रखडपट्टी झपाट्याने वाढते. अग्निशामक दलातले जवान कॉल नसताना बसून असतात म्हणून कोणी त्यांची संख्या कमी करत नाही. शिवाय येऊ घातलेला प्रकल्प किंवा कोणाचा ठरलेला राजीनामा मॅनेजरला ठाऊक असतो, आपल्याला नसतो. म्हणून महिनाअखेरीच्या किंवा हंगामाच्या गर्दीसह कामाचे एक पूर्ण आवर्तन पाहिल्याशिवाय हा विषय काढू नये.

मॅनेजरची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. ती पदे मंजूर करून घेण्यासाठी बहुधा त्यानेच वर भांडण केलेले असते, पद रिकामे राहिले तर पुढच्या बजेटमध्ये ते जाईल ही भीती असते, आणि हाताखाली किती माणसे आहेत यावर त्याची स्वतःची पत जोखली जाते. अशा माणसाला चार जणांदेखत 'आपल्याकडे माणसे जास्त आहेत' असे सांगणे म्हणजे त्याच्या कारभारावर बोट ठेवणे होय. हे बोलणे दोघांतच व्हावे, अप्रेझलच्या दिवशी तर मुळीच नको, आणि सुरुवात स्वतःच्या कामापासून व्हावी: 'सर, गेले काही आठवडे माझ्याकडे दुपारनंतर सलग काम नसते, हा अहवाल चौघांऐवजी दोघांनी केला तर चालेल का?' माणसांच्या संख्येविषयी निवाडा दिला की समोरचा बचावाला उभा राहतो. कामाच्या वाटणीविषयी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागते. कोण काही करत नाही, हे सांगण्याचा मोह आवरावा. ती चुगली ठरते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सोबत एखादी वाट सुचवता आली तर उत्तम. वर्षानुवर्षे मागे पडलेले काम कोणाकडे तरी देता येईल, शेजारच्या टीमला माणूस देता येईल, किंवा पुढे कोणी सोडून गेले तर ती जागा लगेच न भरता वाटणी बदलून पाहता येईल. नोकरकपातीची कुजबुज आधीच सुरू असेल, तर मात्र मी गप्प राहण्याचा सल्ला देईन. अशा वेळी आपले प्रामाणिक निरीक्षणही कोणाच्या तरी नावापुढची फुली ठरू शकते.

'पाहतो' या उत्तरावर बहुतेक संभाषणे संपतात. त्यानंतर ठरलेल्या एका गोष्टीचा दोन ओळींचा ई-मेल करावा आणि महिन्याभराने, तक्रारीच्या सुरात नव्हे, तिच्याविषयी विचारावे. मॅनेजरला डावलून वर जाण्याचे कारण एरवी नसते. पण न केलेल्या कामाचे तास ग्राहकाच्या बिलात लावले जात असतील, तर प्रश्न मनुष्यबळाचा राहत नाही, तो फसवणुकीचा होतो, आणि त्यासाठी कंपनीने नेमून दिलेल्या तक्रार-यंत्रणेकडेच लेखी जावे लागते.