आरोच्या स्टेशनावर उतरा

(नाशिकमधल्या एका प्रवासी मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नाशिककरांपुढे द्राक्षांवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. तेव्हा बागेचं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी बोलणार आहे ते रिओखाबद्दल. उत्तर स्पेनमधला, एब्रो नदीच्या काठचा वाईनचा मुलूख. स्पेलिंगमध्ये जे आहे म्हणून रिओजा म्हणू नका; तिथं त्या जेचा ख होतो. आपली माणसं बहुतेक बिल्बाओहून सकाळच्या बसने येतात, एक वाईनरी बघतात, दोन घोट घेतात आणि संध्याकाळी परत. वणीला जाऊन गड न चढताच माघारी फिरावं, तसला हा प्रकार. तीन रात्री काढा तिथं. आणि सुरुवात आरोच्या रेल्वे स्टेशनापासून करा.

हसलात ना? पाणी शुद्ध करायचं यंत्र नव्हे हो. त्या गावात पाण्याला फारसं कुणी विचारतही नाही. स्पॅनिशमध्ये एच मुका असतो, म्हणून हारोचं आरो. १८६३ मध्ये बिल्बाओकडे जाणारी रेल्वे या गावावरून गेली. पुढच्या काही वर्षांत फ्रान्सच्या बागांत फिलॉक्सेरा पसरला. ही मुळं शोषणारी कीड, आपल्या माव्याच्या जातकुळीतली. बागा बसल्या तसे बोर्दोचे व्यापारी वाईनच्या शोधात इकडे आले. पिंपं थेट गाडीत चढवता यावीत म्हणून कोठारं स्टेशनाला खेटूनच उभी राहिली : लोपेस दे एरेदिया १८७७ मध्ये, कुने १८७९ मध्ये, ला रिओखा आल्ता १८९० मध्ये. पैसा असा आला की १८९० मध्येच या एवढ्याशा गावात रस्त्यावर विजेचे दिवे लागले. ‘आरो, पॅरिस आणि लंडन’ अशी फुशारकी तिथं अजून ऐकू येते. पुढे कीड रिओखातही पोचलीच, आणि मग अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. तुम्ही डॉगरिज खुंटावर कलम करता ते क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून; त्यांच्याकडे खुंट आला तो या किडीच्या धाकाने.

आजही या स्टेशनवस्तीत पायी फिरून तीन-चार वाईनरी बघता येतात. मला विचाराल तर एकच नीट बघा. लोपेस दे एरेदियाच्या तळघरात जाळी-जळमटं मुद्दाम ठेवलेली आहेत, कारण बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात. आणि त्याच आवारात दाराशी वास्तुकार झाहा हदीदने रचलेला चकचकीत मंडप! शेजारच्या ‘मुगा’ वाईनरीत पिंपं अजून घरचेच कारागीर घडवतात. मात्र वेळ आधी ठरवून जा. ऐनवेळी दार वाजवून उपयोग नाही. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. गाडी चालवायची असेल तर ते निःसंकोच वापरा, तिथं त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पहिला मुक्काम लोग्रोन्योत करा, ही त्या प्रांताची राजधानी. कारण एकच, काये लाउरेल. काये म्हणजे गल्ली. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना बार, आणि बहुतेक बारचा एखादाच पदार्थ नावाजलेला. एक पिंचो घ्यायचा, म्हणजे पावाच्या तुकड्यावर काडीने टोचलेला घास. सोबत छोटा पेला, की निघायचं पुढच्या दाराला. बसायचं नाही. या बोळाला गमतीने ‘हत्तींची वाट’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये सोंडेला जो शब्द, तोच झिंगण्यालाही; शेवटच्या बारमधून माणूस सोंड घेऊनच बाहेर पडतो.

शाकाहारी मंडळींना सावध करतो. तिथला प्रसिद्ध घास लसणीच्या रसात भाजलेल्या मशरूमचा. तीन मशरूम एकावर एक. आमच्या गटातल्या एका काकूंनी आनंदाने तोंडात टाकला, आणि वरच्या टोकाला कोळंबी असते हे त्यांना चावल्यावर कळलं. ‘रिओखा पद्धतीचे बटाटे’ ऐकून मोहरू नका, त्यात चोरिसो नावाचं डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. भाज्यांच्या मेनेस्त्रातही हॅमचे तुकडे निघतात. आधी विचारा. खाणाऱ्यांनी मात्र कोकराच्या छोट्या चापा सोडू नयेत. त्या भाजतात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांवर. आपण त्याच काड्या बांधावर पेटवून देतो, हे तिथं उभं राहून मला फार लागलं.

वेळेचंही सांगतो. जेवण दुपारी दोनच्या पुढे, रात्री नऊनंतर. आम्ही एकदा साडेचारला पोचलो तर स्वयंपाकघर बंद, बिस्किटांवर भागवलं.

दुसरा मुक्काम लाग्वार्दिया. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, आणि खाली सगळी जमीन जुन्या तळघरांनी पोखरलेली, म्हणून आत मोटारी सोडत नाहीत. दिवसाचे पाहुणे गेले की संध्याकाळी तटावरून मळे आणि मागे कांताब्रिया डोंगर दिसतो. अटलांटिकचे ओले ढग तोच अडवतो. जवळच एल्सिएगोला वास्तुकार फ्रँक गेरीने रचलेलं २००६ मधलं हॉटेल आहे, टायटॅनियमच्या गुलाबी, सोनेरी, चंदेरी पट्ट्यांचं. बघा, फोटो काढा. राहायचं तर खिसा तपासा.

तिसऱ्या दिवशी वाईन बाजूला ठेवा आणि सान मियानच्या सुसो-युसो मठांकडे जा. इथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कुणा साधूने अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवले, आणि तेच स्पॅनिशच्या अगदी जुन्या लिखित खुणांपैकी ठरले. बास्क भाषेचेही शब्द त्यात आहेत. तेराव्या शतकात याच मठाशी जोडलेला कवी गोन्सालो दे बेर्सेओ आपल्या कवितेच्या मोलाबद्दल चांगल्या वाईनचा एक पेला मागतो. म्हणजे वाईन बाजूला राहिलीच नाही. रात्री सांतो दोमिंगो दे ला काल्सादाला राहा, यात्रेकरूंच्या जुन्या इस्पितळाचं तिथं सरकारी हॉटेल झालंय. समोरच्या कॅथेड्रलमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी खुराड्यात ठेवतात, भाजलेली कोंबडी ताटातून उठून ओरडली त्या दंतकथेची आठवण म्हणून.

बाटल्या आणण्याचं आत्ता कुणीतरी विचारलं. तांबड्या वाईनच्या लेबलवर क्रियान्सा असेल तर निदान दोन वर्षं मुरलेली, रेसेर्वा तीन, ग्रान रेसेर्वा पाच. त्यातला काही काळ ओकच्या पिंपात. आपल्याकडे माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोन, आणि वर अर्धा लिटर उरतो. तिथं ३७५ मिलीच्या बाटल्याही मिळतात. एक घ्या, कपड्यांत गुंडाळा आणि सामानाच्या बॅगेत टाका.